विश्लेषण : दोन संघांचा हक्क, पण करार तिसऱ्याशी... हार्वर्डचा आइस हॉकीपटू ॲडम फॉक्सचे काही चुकले का?

न्यूयॉर्क रेंजर्सचा बचावपटू ॲडम फॉक्स हा आजच्या आइस हॉकीतील मोठ्या नावांपैकी एक. २०२१ मध्ये त्याला नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएलमधील सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळाला. तरीही कॅरोलायना हरिकेन्सच्या घरच्या रिंकवर तो उतरला की प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतात. कॅलगरी फ्लेम्सच्या चाहत्यांनाही त्याचे नाव फारसे गोड लागत नाही. कारण एकच. रेंजर्सकडे येण्याआधी त्याला करारबद्ध करण्याचा हक्क आधी कॅलगरीकडे होता, मग कॅरोलायनाकडे गेला. फॉक्सने दोघांशीही करार केला नाही. तो हार्वर्ड विद्यापीठाकडून खेळत राहिला आणि शेवटी त्याला हव्या त्या संघात गेला. याला अनेकांनी पळवाट म्हटले. अठरा वर्षांच्या मुलाने पहिली नोकरी कुठे करायची, हे कोणी ठरवायचे, असा हा प्रश्न आहे. नियम नीट पाहिले तर फॉक्सच्या बाजूने बरेच काही बोलता येते.

ॲडम फॉक्स कोण?

फॉक्सचा जन्म १७ फेब्रुवारी १९९८चा. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवरील जेरिको हे त्याचे गाव. घरचे सगळे रेंजर्सचे चाहते. किशोरवयात तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमात दाखल झाला. मिशिगन राज्यात चालणाऱ्या या कार्यक्रमात देशभरातील निवडक मुलांना एकत्र ठेवून दोन वर्षे तयार केले जाते. २०१६ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कॅलगरी फ्लेम्सने त्याला तिसऱ्या फेरीत, एकूण ६६ व्या क्रमांकावर निवडले. म्हणजे ६५ मुले त्याच्या आधी निवडली गेली होती. त्याच वर्षी त्याने हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला.

बचावपटूचे काम नेमके काय असते?

आपल्याकडे हॉकी म्हणजे टर्फवरची हॉकी. आइस हॉकीत बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात. गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आक्रमक. एनएचएलचे रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. चेंडूऐवजी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. खेळ इतका वेगवान असतो की खेळाडू साधारण पाऊण मिनिटात बाहेर येतो आणि दुसरा आत जातो. ही अदलाबदल खेळ न थांबवता सुरू असते.

बचावपटूचे पहिले काम अर्थातच गोल अडवण्याचे. पण आजच्या खेळात त्याच्याकडून आणखी एक अपेक्षा असते. आपल्या गोलजवळ पक मिळाला की तो अंगावर येणाऱ्या खेळाडूंना चुकवून पुढे काढून द्यायचा आणि आक्रमणाची सुरुवात करायची. प्रतिस्पर्ध्याचा एखादा खेळाडू शिक्षेमुळे दोन मिनिटे बाहेर बसला की त्याला पॉवर प्ले म्हणतात. क्रिकेटमधल्या पॉवर प्लेशी याचा संबंध नाही. या दोन मिनिटांत मागे उभे राहून खेळाची सूत्रे हलवणारा खेळाडू बहुतेक वेळा बचावपटूच असतो.

फॉक्सचे बलस्थान हेच. तो धिप्पाड नाही. सरळ रेषेत सर्वांत वेगाने धावणाऱ्यांमध्येही त्याची गणना होत नाही. पण कोण कुठे उभा आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल, हे तो इतरांच्या आधी ओळखतो. असा खेळाडू अठराव्या वर्षी ओळखणे अवघड असते. उंची आणि वेग मोजता येतो, खेळाची समज मोजायला वेळ लागतो. तिसऱ्या फेरीपर्यंत फॉक्स शिल्लक राहिला, यामागे हे एक कारण दिसते.

ड्राफ्ट म्हणजे काय? त्यात खेळाडूला काय अधिकार असतो?

ड्राफ्ट म्हणजे नवख्या खेळाडूंची वाटणी. एनएचएलचे संघ दरवर्षी सात फेऱ्यांत, ठरलेल्या क्रमाने, प्रामुख्याने अठरा वर्षांच्या मुलांची निवड करतात. मागच्या मोसमात तळाला राहिलेल्या संघांना आधी निवडण्याची संधी मिळते. श्रीमंत शहरातील संघांनी सगळे गुणी खेळाडू उचलू नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू रास्त आहे.

पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. इंजिनीअरिंगच्या कॅम्पस प्लेसमेंटचे उदाहरण घ्या. समजा, एका कंपनीने तुमचे नाव घेतले. तुम्ही अर्ज केला नव्हता, शहर तुम्ही निवडलेले नाही. तरीही पुढची काही वर्षे त्या क्षेत्रातील दुसरी कोणतीही कंपनी तुमच्याशी बोलू शकत नाही. सुरुवातीच्या पगाराची कमाल मर्यादाही सगळ्या कंपन्यांनी मिळून आधीच ठरवली आहे. ड्राफ्ट साधारण असाच चालतो. फॉक्सच्या पिढीतील नवख्या खेळाडूला पहिल्या करारात बोनस वगळता वर्षाला जास्तीत जास्त ९ लाख २५ हजार डॉलर मिळू शकत होते. पहिला करार संपल्यावरही खेळाडू लगेच मोकळा होत नाही. पूर्णपणे मुक्त होण्यासाठी साधारणपणे वयाची २७ वर्षे किंवा लीगमधील सात मोसम पूर्ण करावे लागतात.

आयपीएल पाहणाऱ्यांना हे अनोळखी वाटणार नाही. लिलावात बोली कोण लावणार, हे खेळाडूच्या हातात नसते. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकने दिल्ली कॅपिटल्सने विकत घेतल्यानंतर माघार घेतली, तेव्हा २०२५ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. फरक इतकाच की आयपीएल दोन महिन्यांची असते आणि लिलावात नाव द्यायचे की नाही, हे खेळाडू ठरवतो. एनएचएल हा मात्र आइस हॉकीपटूचा पूर्णवेळ रोजगार आहे आणि त्या दर्जाची दुसरी लीग जगात नाही.

कॉलेजचा रस्ता वेगळा कसा?

एनएचएलकडे जाण्याचे दोन मुख्य रस्ते उत्तर अमेरिकेत वर्षानुवर्षे चालत आले आहेत. पहिला कॅनेडियन हॉकी लीगचा. साधारण १६ ते २० वर्षांची मुले तिथे खेळतात. मोसमात ६८ च्या आसपास सामने, लांबलांबचे बसप्रवास, वेळापत्रक जवळपास व्यावसायिकांसारखे. दुसरा रस्ता अमेरिकी विद्यापीठांचा. तिथल्या खेळांचे नियमन एनसीएए ही संघटना करते. कॉलेजमध्ये सामने कमी आणि ते बहुतेक शुक्रवारी-शनिवारी. बाकीचा आठवडा वर्ग, सराव आणि व्यायामशाळा यांत जातो. शरीर उशिरा भरणाऱ्या आणि बचावासारखी जोखमीची जागा शिकणाऱ्या मुलांना हा वेळ उपयोगी पडतो. आज एनएचएलमधील सुमारे एक तृतीयांश खेळाडू कॉलेजमधून आलेले आहेत.

या दोन रस्त्यांत आणखी एक फरक होता आणि फॉक्सच्या गोष्टीत तोच महत्त्वाचा. कॅनेडियन ज्युनियर लीगमधल्या खेळाडूला निवडणाऱ्या संघाकडे करारासाठी दोन वर्षे असत. तेवढ्यात करार झाला नाही तर वयात बसणारा खेळाडू पुन्हा ड्राफ्टमध्ये जाई, म्हणजे पुन्हा कोणीतरी त्याची निवड करणार. कॉलेजमधल्या खेळाडूचे तसे नव्हते. त्याने चार वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतरच्या १५ ऑगस्टपर्यंत करार केला नाही, तर निवडणाऱ्या संघाचा हक्क संपे आणि तो कोणत्याही संघाशी बोलायला मोकळा होई. लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून केलेल्या करारातीलच ही तरतूद होती. २०१६ मध्ये निवडलेल्या फॉक्ससाठी ही तारीख होती १५ ऑगस्ट २०२०.

हार्वर्डमध्ये काय घडले?

पहिल्याच मोसमात, २०१६-१७ मध्ये, फॉक्सने ३५ सामन्यांत ४० गुण मिळवले. आइस हॉकीत गोलला एक गुण आणि गोलसाठी पास देणाऱ्यालाही एक गुण मिळतो. फॉक्सच्या ४० पैकी ३४ गुण पासचे होते. त्या वर्षी हार्वर्डने बॉस्टनमधील चार विद्यापीठांची मानाची बीनपॉट स्पर्धा १९९३ नंतर पहिल्यांदा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. त्याच हिवाळ्यात फॉक्स २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघातही होता. अंतिम सामन्यात कॅनडाला त्यांच्याच देशात हरवले होते.

दुसऱ्या मोसमात २९ सामन्यांत २८ गुण. तिसऱ्यात, म्हणजे २०१८-१९ मध्ये, ३३ सामन्यांत ४८ गुण, सामन्यामागे जवळपास दीड. आक्रमकालाही हेवा वाटावा अशी ही सरासरी. कॉलेज हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या होबी बेकर पुरस्काराच्या शेवटच्या तिघांत तो होता. पुरस्कार मात्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा बचावपटू केल मकार याला मिळाला. राष्ट्रीय स्पर्धेतही मकारच्याच संघाने हार्वर्डला पहिल्या फेरीत हरवले. तीन वर्षांत ९७ सामने आणि ११६ गुण अशी फॉक्सची कॉलेजची पुंजी झाली.

ड्राफ्टच्या दिवशीचा ६६ वा क्रमांक तीन वर्षांत जुना झाला होता. फॉक्स १८ व्या वर्षीच करार करून दुय्यम लीगमध्ये गेला असता तर ही वाढ झाली असती की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. पण कॉलेजने त्याला वाढायला वेळ दिला आणि त्या वेळात घड्याळ त्याच्या बाजूने चालले, एवढे नक्की.

कॅलगरी आणि कॅरोलायनाने त्याला का सोडले?

२०१८ च्या जूनमध्ये कॅलगरी आणि कॅरोलायना यांच्यात पाच खेळाडूंची मोठी अदलाबदल झाली. कॅलगरीने डगी हॅमिल्टन, मायकल फेर्लंड आणि फॉक्सचे हक्क दिले. त्या बदल्यात एलियास लिंडहोम आणि नोआ हॅनिफिन मिळाले. फॉक्सने तोवर कॅलगरीशी करार केला नव्हता आणि १५ ऑगस्ट २०२० ला आता दोनच वर्षे उरली होती. आणखी थांबले असते तर कदाचित काहीच हाती लागले नसते.

कॅरोलायनालाही तेच दिसले. फॉक्सला घरच्या रेंजर्सकडे जायचे आहे, ही चर्चा तोवर उघड झाली होती. त्याने हार्वर्डमध्ये चौथे वर्ष काढले असते तर २०२० मध्ये तो मोकळा झाला असता. ३० एप्रिल २०१९ रोजी कॅरोलायनाने त्याचे हक्क रेंजर्सला दिले. बदल्यात मिळाली २०१९ च्या ड्राफ्टमधील दुसऱ्या फेरीची निवड आणि २०२० मधील तिसऱ्या फेरीची आणखी एक निवड. फॉक्सने पहिल्या मोसमात ३० सामने खेळल्यास ही दुसरी निवड एका फेरीने वर सरकणार होती. तो ७० सामने खेळला.

म्हणजे दोन्ही संघ रिकाम्या हाताने गेले नाहीत. तिसऱ्या फेरीत निवडलेल्या मुलाच्या बदल्यात कॅरोलायनाला दुसऱ्या फेरीच्या दोन संधी मिळाल्या. फॉक्स पुढे इतका मोठा झाला की हा सौदा आज स्वस्त वाटतो. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आपापला हिशेब करूनच सही केली होती.

व्यावसायिक झाल्यावर त्याने काय केले?

मे २०१९ मध्ये रेंजर्सशी तीन वर्षांचा पहिला करार झाला. २०१९-२० च्या पहिल्या मोसमात ७० सामन्यांत ४२ गुण. करोनामुळे छोट्या झालेल्या २०२०-२१ च्या मोसमात ५५ सामन्यांत ४७ गुण आणि नॉरिस करंडक. दुसऱ्याच मोसमात हा करंडक त्याच्याआधी फक्त बॉबी ऑरने जिंकला होता. १९६८ ची ती गोष्ट. त्या वर्षीच्या शेवटच्या तीन दावेदारांत मकारही होता. दोन वर्षांपूर्वीची होबी बेकरची बाजी या वेळी उलटली.

रेंजर्सच्या बचावपटूला नॉरिस मिळण्याची ही १९९७ नंतरची पहिली वेळ. तेव्हा तो ब्रायन लीचला मिळाला होता. लीचही कॉलेजचाच, बॉस्टन कॉलेजमध्ये एक वर्ष खेळून आलेला.

१ नोव्हेंबर २०२१ रोजी रेंजर्सने फॉक्सशी सात वर्षांचा, ६ कोटी ६५ लाख डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला सरासरी ९५ लाख डॉलर. हा करार २०२२-२३ पासून सुरू झाला. त्यानंतरच्या पहिल्या दोन मोसमांत त्याने ७२ आणि ७३ गुण मिळवले. २०२३-२४ मध्ये साखळीत सर्वाधिक गुण मिळवणारा संघ रेंजर्सच होता.

तरीही लीगचा सर्वोच्च मान असलेला स्टॅनले करंडक त्याला मिळालेला नाही. २०२२ आणि २०२४ मध्ये रेंजर्स अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर आले आणि अनुक्रमे टॅम्पा बे आणि फ्लोरिडाकडून हरले. २०२४-२५ मध्ये तर संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. हवा तो संघ मिळाला म्हणजे हवे ते सगळे मिळाले, असे होत नाही. पण या यशापयशाची जागा फॉक्सने स्वतः निवडली होती.

टीकाकारांचे म्हणणे काय आहे?

त्यांचा पहिला मुद्दा समतोलाचा. प्रत्येक गुणी मुलगा न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहराचीच वाट पाहू लागला तर लहान शहरांतील संघांनी काय करायचे? दुसरा मुद्दा शब्दाचा. संघ ड्राफ्टमधील मौल्यवान संधी एका मुलावर खर्च करतो, त्याच्या वाढीकडे लक्ष ठेवतो आणि शेवटी तो निघून जातो. हे राग येण्यासारखे आहेच. बॉस्टन कॉलेजच्या कटर गोतिए या आक्रमकाने फिलाडेल्फियाकडून खेळायला नकार दिला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे हक्क ॲनाहाइमला गेले. वर्षभराने तो फिलाडेल्फियात खेळायला आला तेव्हा पक त्याच्याकडे गेला की अख्खे स्टेडियम ओरडत होते.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्याचा आकार लक्षात घ्यायला हवा. दरवर्षी दोनशेहून अधिक खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडले जातात. त्यातले बहुतेक निवडलेल्या संघाशीच करार करतात. खुद्द मकार याचे उदाहरण. २०१७ मध्ये कोलोरॅडोने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. तो दोन वर्षे कॉलेजात थांबला. १३ एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय अंतिम सामना हरला आणि दोनच दिवसांनी कोलोरॅडोकडून एनएचएलच्या बाद फेरीत उतरून पहिल्याच सामन्यात गोल केला. २०२२ मध्ये त्याच संघाला त्याने स्टॅनले करंडक मिळवून दिला. थांबणारा प्रत्येक जण निघून जात नाही. संघाने विश्वास मिळवला तर तो तिथेच येतो.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे. फॉक्सने कॅलगरीला शब्द दिलाच नव्हता. ड्राफ्टमध्ये खेळाडूची सही नसते. संघ मात्र करार झालेल्या खेळाडूलाही, त्याच्या करारात तसे न करण्याची अट नसेल तर, एका फोनवर दुसऱ्या शहरात पाठवू शकतो. फॉक्सचे हक्कही त्याला न विचारता कॅलगरीहून कॅरोलायनाला गेले होते. संघाने केले तर तो व्यवहार आणि खेळाडूने केले तर ती गद्दारी, हा न्याय एकतर्फी आहे.

सगळ्यांनाच हे जमते का?

नाही. फॉक्सची कहाणी सांगताना ही बाजू लपवू नये. थांबणे म्हणजे कमाई पुढे ढकलणे. मधल्या काळात एखादी मोठी दुखापत झाली तर हातात ना करार ना पैसे. हार्वर्ड ज्या आयव्ही लीगमध्ये आहे, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. आर्थिक मदत मिळते ती कुटुंबाच्या गरजेनुसार. त्यामुळे दरवाजा गरीब मुलाला बंद नसला तरी पगार पुढे ढकलून चार वर्षे काढणे कोणाला परवडते, हा प्रश्न उरतोच. कर्ज काढून शिकलेल्या आणि पहिल्या ऑफर लेटरवर डोळे मिटून सही करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

आणि नकार दिला म्हणजे यश मिळतेच असेही नाही. डेन्व्हर विद्यापीठाचा कर्णधार विल बुचर हाही बचावपटू. २०१७ मध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपद आणि होबी बेकर दोन्ही मिळवले. त्याला निवडलेल्या कोलोरॅडोशी करार न करता १५ ऑगस्टनंतर तो न्यू जर्सीकडे गेला. पहिल्या मोसमात ४४ गुण मिळवले, पण पुढे तो सूर टिकला नाही आणि काही वर्षांत तो एनएचएलबाहेर गेला. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा जस्टिन शुल्त्झ २०१२ मध्ये ॲनाहाइमला सोडून एडमंटनकडे गेला. तिथे त्याचे बस्तान बसले नाही. पुढे त्याची पिट्सबर्गला रवानगी झाली आणि त्या संघाबरोबर २०१६ आणि २०१७ असे सलग दोन स्टॅनले करंडक त्याला मिळाले. स्वतः निवडलेली जागा चुकीची ठरू शकते आणि दुसऱ्याने पाठवलेली जागा बरोबर ठरू शकते. निवडीच्या अधिकाराचे समर्थन निकालावर अवलंबून ठेवले तर ते फार काळ टिकणार नाही. बुचरची कारकीर्द लवकर उतरली, म्हणून त्याचा अधिकार फॉक्सपेक्षा कमी होत नाही.

आता काय बदलले आहे?

कॉलेज हॉकीचा चेहरा झपाट्याने बदलतो आहे. कॅनेडियन हॉकी लीगमध्ये एकदा खेळलेल्या मुलाला एनसीएए व्यावसायिक मानत असे आणि त्याला कॉलेज हॉकीची दारे बंद होत. त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षीच रस्ता निवडावा लागे. मकार कॅनडाचा असूनही अल्बर्टातील ब्रूक्स या गावाच्या कनिष्ठ दर्जाच्या लीगमधील संघाकडून खेळला. त्याने कॅनेडियन हॉकी लीग निवडली असती तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ विसरावे लागले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दोन्ही रस्ते एकमेकांना जोडले गेले. गॅव्हिन मकेना हा कॅनडाचा बहुचर्चित तरुण आक्रमक मेडिसिन हॅट संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात दाखल झाला, तो या बदलामुळेच.

दुसरा बदल पैशांचा. १ जुलै २०२५ पासून अमेरिकी विद्यापीठांना खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा आहे. आयव्ही लीगने यातून बाहेर राहण्याचे ठरवले. पण इतरत्र थांबण्याची किंमत कमी झाली आहे. ज्याच्या घरी पैसे नाहीत अशा मुलालाही आता ‘एक वर्ष थांबतो’ म्हणणे थोडे सोपे जाईल. पुढचे फॉक्स यातून जास्त निघतील.

कॉलेजचा रस्ता मागे पडलेल्यांचा आहे, हा समजही आकड्यांपुढे टिकत नाही. २०२१ मध्ये नॉरिस फॉक्सला, २०२२ मध्ये मकारला, २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठात खेळलेल्या क्विन ह्यूजला आणि २०२५ मध्ये पुन्हा मकारला मिळाला. पाच वर्षांत चार वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू कॉलेजमधून आलेला होता.

मग फॉक्सचे चुकले का?

चुकले असे म्हणायला आधार दिसत नाही. त्याने कोणताही करार मोडला नाही, कोणाची फसवणूक केली नाही, खोटे कारण पुढे केले नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने सही केलेल्या नियमात कॉलेजच्या खेळाडूला चार वर्षांची एक खिडकी होती. त्या काळात तो आपला खेळ वाढवत राहिला आणि त्याच्या सहीची किंमत वाढत गेली.

ड्राफ्ट बंद करावा असा याचा अर्थ नाही. लहान शहरांतील संघ जगले पाहिजेत आणि त्यासाठी तळाच्या संघाला पहिली संधी मिळणे योग्यच आहे. पण निवडण्याची पहिली संधी आणि त्या मुलावर वर्षानुवर्षांची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या संघाला खेळाडू हवा आहे, त्याने त्याला यावेसे वाटेल असे काही करून दाखवावे. कोलोरॅडोने मकारच्या बाबतीत ते केले. जिथे ते जमत नाही, तिथे ठरलेल्या मुदतीनंतर मुलाला आपली वाट धरता आली पाहिजे आणि ही सोय फक्त थांबणे परवडणाऱ्या मुलांपुरती उरता कामा नये.